लाकूड शिजते तेव्हा काय नष्ट होते?

मातीचा कच्चा घडा आव्यात घातला की काळपट असलेला तो तांबडा होऊन बाहेर येतो. आत नेमके काय घडते, यावर आपल्याकडच्या वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद चालला. वैशेषिक म्हणतात, अग्नीच्या आघाताने घडा पार परमाणूंपर्यंत सुटतो, एकेका परमाणूचा जुना रंग जाऊन नवा येतो आणि मग ते परमाणू पुन्हा जुळून घडा उभा राहतो. हे सगळे इतक्या झपाट्याने होते की आपल्याला घडा सलग दिसत राहतो. याला नऊ क्षण लागतात की दहा, यावरही त्यांनी पाने भरली आहेत. हा पीलुपाकवाद. नैयायिकांना तो मान्य नाही. घडा आहे तसाच राहतो, त्याच्या बारीक छिद्रांतून तेज आत शिरते आणि सगळा घडा एकत्रच पालटतो, असे त्यांचे म्हणणे. हा पिठरपाकवाद. त्यांचा प्रश्न सरळ आहे: खालचा घडा मधेच परमाणू होऊन गेला असता, तर त्याच्यावर रचलेले घडे कोसळले नसते का? आणि बाहेर काढल्यावर ‘हा तोच’ असे आपण कशाच्या बळावर म्हणतो?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, शाळेत संस्कृत शिकवायचे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ त्यांनी मला सुट्टीत शिकवला, तो परीक्षेसाठी नव्हे. त्यांना त्या ग्रंथाची मनापासून गोडी होती म्हणून. मी पुढे केमिस्ट्री घेतली आणि चंद्रपूर जिल्ह्यात कागद कारखान्याच्या पल्प मिलमध्ये नोकरीला लागलो. घड्याचा वाद माझ्या पुढ्यात पुन्हा आला तो तिथे, लाकडाच्या रूपाने, आणि मग त्याने मला कधीच सोडले नाही.

सुबाभूळ आणि निलगिरीचे ओंडके चिपरमधून जातात, त्यांच्या चिप्स होतात. चांगली चिप वीस-पंचवीस मिलिमीटर लांब आणि चार-पाच मिलिमीटर जाड असते. नवख्याचे लक्ष लांबीकडे जाते, पण जाणता माणूस जाडी पाहतो, कारण रसायनाला चिपच्या गाभ्यापर्यंत पोचायचे असते आणि जवळची वाट जाडीतूनच जाते. जाड चिप बाहेरून शिजते, आतून कच्ची राहते आणि पुढे चाळणीवर अडकते. या चिप्स डायजेस्टरमध्ये भरायच्या, त्यावर व्हाइट लिकर सोडायचे, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड, आणि वाफेच्या दाबाखाली १६०-१७० अंशांवर शिजवायचे. आम्ही याला कुकच म्हणतो. लाकडात चाळीस-पंचेचाळीस टक्के सेल्युलोज असते, साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज, आणि उरलेला मोठा भाग लिग्निनचा. तंतू सेल्युलोजचे, त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते ते लिग्निन. झाड वाऱ्यापावसात ताठ उभे राहते ते त्याच्या जोरावर. झाडाचा कागद करायचा तर नेमके तेच काढून टाकावे लागते. कारखान्याभोवती जो उग्र वास दरवळतो तोही त्याचाच: सल्फाइड लिग्निनचे तुकडे तोडते तेव्हा मिथाइल मर्कॅप्टन तयार होतो, आणि तो हवेत नावापुरता असला तरी नाकाला कळतो.

मोठ्या डायजेस्टरमध्ये आत काय चालले आहे ते दिसत नाही. लॅबमध्ये मात्र छोटे पोलादी डबे असतात, त्यांना सगळे बॉम्ब म्हणतात. त्यात थोड्या चिप्स आणि लिकर घालून कुक करायचा, गार पाण्यात धरायचा आणि झाकण उघडायचे. पहिल्यांदा उघडले तेव्हा मी पाहतच राहिलो. चिप काळपट तपकिरी झालेली, ओलीचिंब, पण आकार अगदी तोच. चिपरच्या पात्याने कापलेली तिरकी कड जागच्या जागी, लाकडाच्या उभ्या रेषा मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. वजनाने निम्मे लाकूड काळ्या पाण्यात उतरलेले, लिग्निन बहुतेक सगळे गेलेले, आणि तरी चिप चिपच होती. मग भाताचे शीत दाबून पाहावे तशी ती अंगठा आणि तर्जनीत दाबली. तिचा काही प्रतिकारच नव्हता. बोटांवर नुसते तंतू उरले, जेमतेम मिलिमीटरभर, काही त्याहूनही आखूड. कारखान्यात हे काम अंगठा करत नाही. खालचा व्हॉल्व्ह उघडतात, दाबाखालचा सगळा माल ब्लो टँकमध्ये जाऊन आदळतो आणि त्या धक्क्याने चिप्सचा पल्प होतो.

दाबण्याच्या आधीच्या क्षणी ती चिप एक वस्तू होती की लाखो?

डोळ्यांना विचारले तर पिठरपाकवाद जिंकतो: आकार टिकला, ओळख टिकली, रसायन छिद्रांतून शिरले आणि सगळी चिप एकत्र पालटली. अंगठ्याला विचारले तर वैशेषिकांचे खरे ठरते: बंध केव्हाच सुटले होते, दिसत होता तो नुसता शेजार. बराच काळ मी या दोघांच्या मधे उभा होतो. मग ध्यानात आले, की दोन्ही पक्षांना भांडताना एक गोष्ट मात्र सारखीच मान्य होती. घडा हा परमाणूंचा ढीग नव्हे. तंतूंपासून वस्त्र झाले की वस्त्र हे तंतूंहून वेगळे, नवे द्रव्य असते, तंतूंत राहणारे पण तंतू नव्हे. त्याला ते अवयवी म्हणतात. बौद्धांनी हे नाकारले. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे एकेक अंग दाखवून विचारले की यात रथ कुठे आहे. त्या प्रश्नाची धार मी मानतो. पण बॉम्ब उघडल्यावर माझ्या हाताने जे अनुभवले ते नागसेनाच्या बाजूचे नव्हते. जुन्या चिपमध्ये आणि शिजलेल्या चिपमध्ये तंतू तेच, रचना तीच, जागा त्याच. तरी एक लाकूड होते आणि दुसरी नव्हती. काहीतरी खरोखरच होते, आणि ते गेले होते.

आमच्या रिकव्हरी विभागात एक वरिष्ठ अभियंते होते, सांख्यांचे मोठे भक्त. त्यांचे म्हणणे एकच असे: “अरे, जगात काही जात नाही. कार्य कारणातच असतं. तिळात तेल असतं म्हणून निघतं, वाळूतून काढून दाखव.” ईश्वरकृष्णाचा सत्कार्यवाद त्यांना रिकव्हरीत रोज सिद्ध होताना दिसायचा, आणि त्यात तथ्य होतेच. ते चक्र पाहिलेला माणूस भारावल्याशिवाय राहत नाही. पल्प धुतल्यावर निघालेले काळे पाणी, ब्लॅक लिकर, त्यात पंधरा-सतरा टक्के घन पदार्थ असतात. इव्हॅपोरेटरमधून ते आटवत आटवत डांबरासारखे दाट करायचे आणि बॉयलरच्या भट्टीत फवारायचे. त्यातले लिग्निन जळते आणि कारखान्याला वाफ मिळते, वीज मिळते. सोडा जळत नाही. तो भट्टीच्या तळाशी लालभडक रस होऊन साचतो आणि पन्हळीतून खाली वाहतो. तो पाण्यात विरघळवला की ग्रीन लिकर, त्यात चुना घातला की पुन्हा व्हाइट लिकर. तेच नव्या चिप्सवर सोडायचे. चांगल्या चालणाऱ्या कारखान्यात शंभरातला पंच्याण्णवांहून जास्त सोडा असा फिरून हाती येतो. कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७९ साली डान्झिगमध्ये या चक्रातली तूट भरायला महाग सोड्याऐवजी स्वस्त सोडियम सल्फेट टाकले. भट्टीत त्याचे सल्फाइड झाले आणि त्या सल्फाइडमुळे तंतू पूर्वीपेक्षा मजबूत निघू लागले. आज जगातला बहुतेक रासायनिक पल्प याच रीतीने बनतो.

जे झाडाला उभे ठेवत होते तेच त्याच्या नंतरच्या झाडाला शिजवण्याचे सरपण होते. सांख्यांच्या भक्ताला याहून काय हवे? पण हे चक्र मी जवळून पाहिले आहे, म्हणून म्हणतो: परत येतो तो सोडा. बांबू शिजवत असू तेव्हा चक्रातल्या चुन्यालाही अडचण यायची, कारण बांबूच्या अंगात सिलिका फार. ती चुन्याच्या गाळात साठत जाते आणि गाळ भाजून पुन्हा चुना करणे कठीण होऊन बसते. मग तो गाळ बाहेर टाकावा लागतो. सोडा परत येतो, चुना कधी येतो कधी नाही, आणि झाड कधीच येत नाही. ‘काही जात नाही’ हे वाक्य परमाणूंबद्दल खरे आहे. झाड परमाणू नव्हते.

अण्णा गेले तेव्हा घरी आलेल्या मंडळींनी हेच वाक्य मला वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकवले. रूप बदलते, बाकी सारे असतेच. पंचमहाभूतांचे पंचमहाभूतांत गेले. त्यांची माया खरी होती, मी ते मनोभावे ऐकून घेतले. पण मला आधार मिळाला तो अण्णांनीच शिकवलेल्या पुस्तकातून. नैयायिक आत्मा नित्य मानतात, परमाणूही नित्य मानतात. एवढे मानूनही ते म्हणत नाहीत की घडा फुटला तर काही बिघडले नाही. ‘तर्कसंग्रहा’तल्या सात पदार्थांत सातवा आहे अभाव. नसणे हीसुद्धा त्यांच्या लेखी जगातली एक खरी गोष्ट आहे, तिचे प्रकार आहेत, तिला काळ आहे. घडा बनण्यापूर्वी त्याचे नसणे, तो प्रागभाव: त्याला आरंभ नाही, पण घडा झाला की तो संपतो. घडा फुटल्यावरचे नसणे, तो प्रध्वंसाभाव: त्याला आरंभ आहे आणि अंत नाही. माणूस गेल्यावर घरात जे नसणे सुरू होते त्याबद्दल इतके नेमके, इतके प्रामाणिक वाक्य मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रात भेटलेले नाही. ते सांत्वन करत नाही. शोकाला त्याचा विषय मात्र देते. जे गेले ते खरोखर होते, म्हणून त्याचे जाणेही खरे आहे.

डायजेस्टरकडे मी तेव्हापासून या नजरेने पाहतो. एकाच भांड्यात, एकाच कुकमध्ये कागदाचा प्रागभाव संपायला लागतो आणि झाडाचा प्रध्वंसाभाव सुरू होतो.

आता धर्माचा प्रश्न. आपल्या घरांत कागदाला पाय लागला तर लेकरूसुद्धा वाकून हात लावते आणि तो कपाळाला नेते. कोरा कागद असला तरी. त्याचे कारण विचारले तर सरस्वती असे उत्तर मिळते, आणि ते मला मान्य आहे. दसऱ्याला आमच्याकडे डायजेस्टरला झेंडूचे हार चढत, चिपरच्या पात्यांना हळदकुंकू लागे, बॉयलरपुढे नारळ फुटे. पाळीवरची माणसे हे सारे मनोभावे करत. यार्डात रचलेल्या ओंडक्यांना मात्र कधी कुणी फूल वाहिलेले मी पाहिले नाही. साधनाची पूजा झाली, विद्येची झाली. ज्याचा ध्वंस झाला त्याचे नावही निघाले नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकातल्या ग्रंथात, देवाच्या मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसे जावे याचा स्वतंत्र अध्याय आहे. रात्री त्या झाडाची पूजा करायची, बळी अर्पण करायचा, त्यावर वस्तीला असलेल्या भूतांना विनवायचे की हे घ्या आणि दुसरीकडे राहायला जा, आणि सकाळी कुऱ्हाड चालवायची. मूर्ती देवाची घडणार होती, तरीही झाडाची परवानगी आधी. पुढे जे होणार आहे ते कितीही पवित्र असो, त्याने आधीच्याचे जाणे भरून निघत नाही, हे त्या विधीमागचे तत्त्व मला वाटते. ओंडक्यांच्या यार्डात रोज असा विधी करा असे मी म्हणत नाही. पण कोऱ्या कागदाला हात लावून कपाळाला नेताना तो नमस्कार झाडालाही पोचावा, असे मी माझ्या नातवंडांना सांगतो.

यावर सांख्याचा भक्त म्हणेल, तंतू झाडात होतेच, कारखान्याने ते मोकळे केले एवढेच. इथे मला नैयायिकांची बाजू नुसत्या तर्कासाठी नव्हे, नीतीसाठीही हवीशी वाटते. कार्य कारणात आधीच बसलेले असेल तर करणारा केवळ पडदा बाजूला सारणारा ठरतो. मग कुंभाराला कोण विचारणार आणि कारखान्याला तरी कोण? आरंभवाद म्हणतो, कार्य नवे असते, ते कुणीतरी आरंभलेले असते. कागद तर याचा ढळढळीत दाखला आहे. तो विणलेला नसतो. पाण्यात सैरभैर तरंगणारे तंतू जाळीवर बसतात, पाणी निथळते, वाळताना तंतूंमध्ये हायड्रोजन बंध जुळतात आणि अचानक एक अखंड पान हातात येते. झाडात तंतूंना धरणारे होते लिग्निन, कागदात धरणारा हा दुसराच बंध. ब्लीच केलेल्या पल्पात तर लिग्निन नावालाही उरत नाही, म्हणून तो कागद वर्तमानपत्रासारखा लवकर पिवळा पडत नाही. जुन्यातला बांधणारा गेला आणि नवा आला. हा अवयवी आम्ही केला. मी आणि माझ्या पाळीवरच्या माणसांनी केला, मालकांनी करवला, तुम्ही वही विकत घेऊन त्याला कारण झालात. याची जबाबदारी निसर्गातल्या बदलत्या रूपांवर ढकलता येत नाही.

तरीही माझ्या या भूमिकेला एक अडचण आहे आणि ती बांबूची आहे. आमच्या भागातल्या कारखान्यांनी दीर्घकाळ बांबूच शिजवला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तो मुबलक. झाड तोडले की अवयवी संपला, हे म्हणणे सोपे. पण बांबूत अवयवी कोणता? एकेक काठी, की जमिनीखालच्या कंदातून वर्षानुवर्षे कोंभ देत राहणारे सगळे बेट? पक्व काठ्या काढल्या आणि यंदाचे कोंभ राखले तर बेट जिवंत राहते. घड्याच्या बाबतीत हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण घडा पुन्हा उगवत नाही.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबूचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळले, की बेटाच्या बुडाशी असलेली काटेरी फांद्यांची जाळी वाढीला अडथळा समजून साफ केली जात होती. वनशास्त्राची शिफारसच तशी होती. गावकरी म्हणत होते हे चुकते आहे. जाळी गेल्यावर कोवळे कोंभ उघडे पडले आणि गुरे, माकडे, साळिंदरांनी ते खाल्ले. काटे हा बेटाचाच अवयव होता. ज्यांनी काठी मोजली त्यांना ते दिसले नाही, ज्यांनी बेट पाहिले त्यांना दिसले. अवयवी कोणता हे ठरवण्यात चूक झाली की काय नष्ट झाले हेही कळत नाही, कारण शोधायचे कुठे तेच ठाऊक नसते.

म्हणून मेंढा-लेखात जे घडले ते मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही मोठे वाटते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यापूर्वी हाच बांबू सरकारी कराराने कारखान्यांकडे जात असे. काठी कापायची की राखायची, हे आता बेटाशेजारी राहणारी माणसे ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवतात. बांबू त्यांनीही विकला आणि त्यातला काही कुठल्या तरी डायजेस्टरमध्ये शिजलाही असेल. त्याला माझी हरकत नाही. काठीचा ध्वंस त्यांनी केला तो बेट ओळखून केला, आणि पुढच्या पावसात कोंभ आले नाहीत तर उत्तर कुणी द्यायचे हे तिथे प्रत्येकाला ठाऊक आहे.